दोन धन्यांचा एक वकील

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढें विटा, चुना, लांकूड आणि गवंडी हींच असलीं पाहिजेत. आजच्या इंग्लंडांतील सामान्य गृहस्थ मात्र घर बांधीत नाहीं. तो तयार घर विकत घेतो, आणि तेंही बहुधा दुसऱ्याच्या पैशानें. त्यामुळें गवंड्याची जागा तेथें कागदपत्रें पाहणाऱ्या वकिलानें घेतली आहे. हा वकील कोणाचा, त्याचें नांव कोणत्या यादींत आहे, आणि त्या यादींत तें किती दिवस टिकेल, या प्रश्नांवर अनेक कुटुंबांचें स्वास्थ्य अवलंबून असतें. आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुलें आणि मुली आज तिकडे नोकरीनिमित्त स्थायिक होत असल्यामुळें हा प्रश्न आतां पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांतही येऊन पोंचला आहे.

समजा, पुण्यांतील एका निवृत्त गृहस्थांचा मुलगा इंग्लंडांतील लेस्टर शहरीं नोकरीस आहे. त्यानें तेथें एक घर पसंत केलें. बँकेनें कर्ज देण्याचें मान्य केलें. आणि मित्राच्या ओळखीनें त्यानें जवळच्याच एका लहानशा, परंतु सचोटीच्या सॉलिसिटराकडे काम सोंपविलें. पंधरवडा गेल्यावर कळतें कीं, त्या सॉलिसिटराचें नांव कर्ज देणाऱ्या बँकेच्या ‘पॅनेल’वर नाहीं. आतां मुलापुढें दोनच मार्ग उरतात. एक, वकील बदलणें आणि काम बहुतांशीं पहिल्यापासून सुरू करणें. दुसरा, बँकेनें स्वतःसाठीं निराळा वकील नेमणें आणि त्याचीही फी मुलानेंच भरणें. दोन्ही मार्गांनीं विलंब होतो. इंग्लंडांत करारपत्रांची परस्पर देवघेव होईपर्यंत विकणारा केव्हांही माघार घेऊं शकतो. तेव्हां या विलंबांत घर हातचें जाण्याची भीति असते. सॉलिसिटर प्रामाणिक आहे, काम जाणणारा आहे, त्याच्याजवळ सनदही आहे. मग उणें काय पडलें, हें समजण्यासाठीं या पॅनेलाची घडण पाहिली पाहिजे.

इंग्लंड आणि वेल्स येथें घराचा मालकी हक्क एकाकडून दुसऱ्याकडे नेण्याच्या कामास ‘कन्व्हेयन्सिंग’ असें म्हणतात. पूर्वीं हें काम सॉलिसिटरांच्याच हातीं होतें. १९८५ च्या एका कायद्यानें ‘लायसेन्स्ड कन्व्हेयन्सर’ नांवाचा दुसरा वर्ग निर्माण केला, आणि १९८७ पासून त्या वर्गाचे लोक हें काम करूं लागले. दोहोंवर देखरेख ठेवणाऱ्या संस्था निरनिराळ्या आहेत; परंतु काम तेंच. १ डिसेंबर १९९० पासून देशाच्या प्रत्येक भागांत विकल्या गेलेल्या घराची नोंद सरकारी लँड रजिस्ट्रींत करणें सक्तीचें झालें आहे. गहाणाची नोंदही तेथेंच होते, आणि ती होईपर्यंत धनकोचें तारण कायद्याच्या दृष्टीनें अपुरेंच राहतें.

आतां या पद्धतींतील मुख्य विशेष ध्यानांत घ्यावयाचा तो असा. राहत्या घराच्या साध्या व्यवहारांत घर घेणारा ऋणको आणि पैसे देणारा धनको या दोघांचेंही काम बहुधा एकच वकील पाहतो. यांत खर्च वांचतो, वेळ वांचतो, आणि तेंच टायटल दोनदां तपासावें लागत नाहीं. परंतु यामुळें वकिलास दोन धनी होतात. घर घेणारा त्याच्या समोर बसलेला असतो. बँक मात्र शेंकडों मैल दूर असते. तिनें ना घराचे कागद पाहिलेले असतात, ना वकिलाचें तोंड. वकिलानें ‘टायटल निर्दोष आहे’ असा दाखला पाठविला कीं त्या एका कागदाच्या भरंवशावर बँक लक्षावधि पौंड त्याच्या अशिलांच्या खात्यांत जमा करते. तो पैसा वकिलाचा नव्हे. व्यवहार पुरा होईपर्यंत तो विश्वस्ताच्या नात्यानें त्याच्यापाशीं राहतो. एवढा विश्वास ज्यावर टाकावयाचा त्याची चौकशी आधीं करून ठेवणें भागच आहे. आणि अशा चौकशी केलेल्या पेढ्यांची यादी म्हणजेच पॅनेल.

या यादींत प्रवेश कसा मिळतो? सनद असणें ही केवळ पहिली पायरी. दुसरी पायरी विम्याची. वकिलाच्या चुकीनें होणारें नुकसान भरून देण्यासाठीं प्रत्येक पेढीस विमा उतरावा लागतो. सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेनें कंपनी-स्वरूपाच्या पेढीस प्रत्येक दाव्यामागें किमान ३० लाख पौंड, आणि इतरांस २० लाख पौंड, अशी मर्यादा घातलेली आहे. धनको विम्याचा दाखला मागतो, आणि विमा कोणत्या कंपनीचा हेंही पाहतो. तिसरी पायरी माणसांची. पेढींत भागीदार किती, देखरेख करणारा अनुभवी माणूस कोण, कोणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय, हें सारें लिहून द्यावें लागतें. एकट्यानें चालविलेली पेढी कांहीं धनको स्वीकारीतच नाहींत. कारण तेथें एकाच्या सहीवर दुसऱ्याची नजर नसते. चौथी पायरी गुणवत्तेच्या दाखल्याची. सॉलिसिटरांच्या ‘लॉ सोसायटी’नें २०१० च्या दशकाच्या आरंभीं कन्व्हेयन्सिंगसाठीं एक स्वतंत्र प्रमाण-योजना सुरू केली, ती पत्करणाऱ्या पेढीस ठराविक कार्यपद्धति पाळावी लागते, नोकरवर्गास शिक्षण द्यावें लागतें, आणि जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. आज अनेक धनको या प्रमाणपत्रावांचून सॉलिसिटरांचा अर्ज विचारांतही घेत नाहींत.

येवढें झालें तरी एका धनकोची यादी दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाहीं. प्रत्येक बँक आणि प्रत्येक बिल्डिंग सोसायटी आपापली यादी राखते. कोणी ती स्वतः सांभाळते; कोणी तें काम मध्यस्थ कंपनीकडे सोंपविते; कांहीं धनको पेढ्यांची माहिती एका सामाईक केंद्रावर भरून घेतात, आणि त्या नोंदीची वार्षिक वर्गणी पेढीलाच द्यावी लागते. लहान पेढीच्या दृष्टीनें हा खर्च आणि हा कागदी व्याप कांहीं थोडा नाहीं.

परंतु शाळेंत प्रवेश मिळविणें निराळें आणि हजेरीपटावर नांव टिकविणें निराळें. पॅनेलावर टिकण्याचे नियम धनकोंच्या एका हस्तपुस्तिकेंत ग्रथित झाले आहेत. ती प्रथम १९९९ सालीं तयार झाली. २०१७ पासून ‘यूके फायनान्स’ ही संस्था ती सांभाळते. कांहीं बिल्डिंग सोसायट्यांच्या सूचना निराळ्या आहेत. परंतु त्यांचाही रोख तोच. हस्तपुस्तिकेच्या पहिल्या भागांत सर्वांस समान असे नियम आहेत. दुसऱ्या भागांत प्रत्येक धनकोच्या खास अटी. विकणाऱ्याच्या नांवावर घर सहा महिन्यांहून कमी काळ असेल तर कळवा. ऋणको आपल्या हिश्शाची सर्व रक्कम स्वतःच्या पैशांतून भरीत नसेल तर कळवा. भाडेपट्ट्याचें घर असल्यास किती वर्षें शिल्लक आहेत आणि भुईभाडें कसें वाढतें तें पहा. अशा त्या सूचना आहेत. त्या वेळोवेळीं बदलतात. आणि काल वाचलेली अट आज तशीच आहे असें धरून चालणारा वकील अडचणींत येतो.

याशिवाय घड्याळाचा धाक आहेच. इंग्लंडांत घराच्या खरेदीवरील मुद्रांककराचें विवरण, मार्च २०१९ पासून, व्यवहार पुरा झाल्यावर १४ दिवसांच्या आंत धाडावें लागतें. तें केल्याचा दाखला असल्यावांचून लँड रजिस्ट्री खरेदीची नोंद घेत नाहीं. दुसरीकडे, व्यवहारापूर्वीं लँड रजिस्ट्रींतून जो अधिकृत शोध मागविलेला असतो, त्यामुळें मिळणारें संरक्षण ३० कामाचे दिवस टिकतें. त्या मुदतींत नोंदणीचा अर्ज दाखल झाला नाहीं आणि मध्येंच तिसऱ्याच कोणाचा बोजा नोंदला गेला, तर धनकोचें पहिलें स्थान जाऊं शकतें. एक अर्ज टेबलाच्या खणांत विसरला, एवढ्यानें सारें तारण डळमळतें. म्हणून नोंदणींतील दिरंगाई हें पॅनेलावरून नांव जाण्याचें एक ठळक कारण मानलें जातें.

न्यायालयांत गेलेले तीन खटले पाहिले म्हणजे या कडकपणाचें मर्म कळतें. १९९५ सालीं अपील कोर्टापुढें आलेल्या एका प्रकरणांत २,२०,००० पौंडांस विकला जाणारा फ्लॅट विकणारा स्वतः १,५०,००० पौंडांस घेत होता. ही गोष्ट वकिलाच्या दृष्टीस आली, परंतु धनकोला कळविली गेली नाहीं. टायटलांत दोष नव्हता. तरीही, किंमतीविषयीं शंका उत्पन्न करणारी ही माहिती धनकोस देणें वकिलाचें कर्तव्य होतें, असें न्यायालयानें ठरविलें. दुसरें प्रकरण २०१२ चें. त्यांत समोरच्या पक्षाचा म्हणून जो वकील पत्रव्यवहार करीत होता तो मुळांत खोटाच होता. एका खऱ्या पेढीच्या नांवाची बनावट शाखा थाटलेली होती. खरेदीदाराच्या पेढीनें कागदपत्रें हातीं न घेतां बँकेचे ७,४२,५०० पौंड धाडून दिले. ती पेढी स्वतः फसली होती. तरी विश्वस्ताचें कर्तव्य तिनें पाळलें नाहीं, म्हणून तिलाच जबाबदार धरण्यांत आलें.

तिसरा निकाल २०१४ सालीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला. एका बँकेनें ३३ लाख पौंडांचें कर्ज दिलें. अट एवढीच कीं आधींच्या बँकेचें गहाण पूर्ण फेडून आपलें गहाण पहिलें असावें. आधींच्या बँकेचीं खातीं दोन होतीं आणि देणें मिळून सुमारें १५ लाख पौंड होतें. वकिलांनीं एकाच खात्याचा आंकडा धरून सुमारें १२ लाख पौंड धाडले, आणि बाकीची रक्कम ऋणकोंस दिली. नव्या बँकेचें स्थान दुसरें राहिलें. पुढें घराची किंमत कोसळल्यावर बँकेनें सारा तोटा वकिलांकडून मागितला. न्यायालयानें वकिलांचा विश्वासभंग मान्य केला. भरपाई मात्र त्यांच्या चुकीनें झालेल्या नुकसानीपुरतीच, म्हणजे पावणेतीन लाख पौंडांच्या आसपास, दिली. या प्रकरणांत लबाडी कोणाचीच सिद्ध झालेली नव्हती. टेलिफोनवर मिळालेला एक आंकडा पुन्हां पडताळून पाहिला नाहीं, एवढीच काय ती चूक. आणि तेवढ्यासाठीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या.

दोन धन्यांची खरी कसोटी मात्र याहून नाजूक प्रसंगीं लागते. ऋणकोनें विश्वासानें सांगितलेली एखादी गोष्ट धनकोला कळविणें आवश्यक आहे, परंतु ऋणको परवानगी देत नाहीं; तेव्हां वकिलानें काय करावें? सांगितली तर एका अशिलाचा विश्वासघात, लपविली तर दुसऱ्याचा. हस्तपुस्तिकेचें उत्तर सरळ आहे : हितविरोध उत्पन्न झाला आहे एवढेंच लिहून वकिलानें धनकोचें काम सोडावें आणि कागद परत करावे. गुपित फुटत नाहीं. खोटा दाखलाही जात नाहीं. फी बुडते, आणि समोर बसलेला ओळखीचा माणूस रागावतो. हा प्रसंग जो निभावतो तोच पॅनेलावर शोभतो.

आणि नांव गेलें तर? पॅनेलावर राहण्याचा हक्क सनदेसारखा नाहीं. कोणास ठेवावें हें बहुतांशीं धनकोच्या मर्जीवर असतें. विमा खंडित झाला, नियामक संस्थेनें ठपका ठेवला, पेढीचे भागीदार बदलले पण कळविलें नाहीं, इतकेंच काय, वर्षभरांत त्या धनकोचें पुरेसें काम आलें नाहीं, तरी नांव वगळलें जाऊं शकतें. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अनेक धनकोंनीं आपल्या याद्या छाटल्या. २०१२ च्या आरंभीं एका मोठ्या बँकेनें तर सबंध इंग्लंड आणि वेल्ससाठीं अवघ्या ४३ पेढ्या ठेविल्या. त्यावर गिऱ्हाइकांनीं आणि वकिलांनीं गाऱ्हाणीं मांडलीं, आणि पुढें तिनें यादी वाढविली. एका यादींतून नांव गेल्याची वार्ता तेवढ्यावर थांबत नाहीं. नव्या अर्जांत ‘यापूर्वीं कोणत्याही पॅनेलावरून काढलें आहे काय?’ हा प्रश्न असतो. विमा कंपनीही तेंच विचारते. गांवांतील तीस वर्षांची लहान पेढी अशा वेळीं एका वर्षांत घरखरेदीचें काम गमावून बसते. बँकेचा पैसा सुरक्षित राहावा हें खरें. परंतु याद्या अति आंखूड झाल्या म्हणजे गांवचा ओळखीचा सॉलिसिटर जातो, आणि त्याच्या जागीं दूरच्या शहरांतील ज्याचें तोंड कधीं दिसत नाहीं असें कार्यालय येतें. या दोहोंचा तोल साधणें हें तेथील धनकोंस अद्यापि पूर्णपणें जमलेलें नाहीं.

आतां पुण्याच्या गृहस्थांकडे वळूं. मुलानें शेवटीं पॅनेलावरील पेढी नेमली. घराच्या किंमतींतील आपला हिस्सा भरण्यास त्याला वडिलांनीं कांहीं रक्कम देण्याचें ठरविलें. भारतांतील रहिवाशास एका आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठविण्याची मुभा आहे. त्यामुळें पैसे पाठविण्यास अडचण नव्हती. परंतु लेस्टरच्या वकिलानें वडिलांचा ओळखपुरावा मागितला, बँकेच्या खात्याचे उतारे मागितले, जी जमीन विकून पैसे उभे केले तिचें खरेदीखत मागितलें, आणि ‘ही रक्कम देणगी आहे, घरावर आमचा हक्क राहणार नाहीं’ असें लेखी मागितलें. गृहस्थांस तो आपल्या सचोटीचा अपमान वाटला. वस्तुतः त्यांत अपमान कांहींच नव्हता. उद्यां कर्ज थकलें आणि वडिलांनीं घरावर हक्क सांगितला तर बँकेचें तारण अडचणींत येईल. म्हणून देणगीची गोष्ट तिला कळविणें वकिलास प्राप्त आहे. शिवाय २०१७ च्या नियमांप्रमाणें काळ्या पैशाची वाट बंद करण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. जो वकील हे कागद मागत नाहीं, त्याचेंच भय अधिक बाळगावें.

आपल्याकडेही बँकांचीं वकिलांचीं पॅनेलें आहेतच. महाराष्ट्रांत घरासाठीं कर्ज काढतांना बँकेचा पॅनेलवरील वकील सूची क्रमांक २, सात-बाराचा उतारा किंवा मिळकतपत्रिका पाहून, साधारणतः ३० वर्षांचा शोध घेऊन अहवाल देतो. फसवणुकीच्या प्रकरणांत गुंतलेल्या वकिलांचीं आणि मूल्यांकनकारांचीं नांवें बँकांच्या संघाकडे कळविण्याची पद्धत आहे, म्हणजे एका बँकेस आलेला अनुभव दुसरीस उपयोगी पडतो. परंतु एक भेद विसरतां कामा नये. इंग्लंडांत पॅनेलावरील वकील बहुधा घर घेणाऱ्याचाही वकील असतो. येथें तो केवळ बँकेचा असतो. त्याची फी ऋणको भरतो, म्हणून तो आपलें हित पाहील असें मानणें ही मोठी चूक होय. ‘बँकेनें कर्ज दिलें, म्हणजे कागद शुद्ध आहेत’ हें वाक्य आपल्या शहरांत फार ऐकूं येतें. त्यावर विसंबून आयुष्याची पुंजी लावूं नये.

तात्पर्य थोडक्यांत सांगतां येईल. पॅनेल हें बँकेनें स्वतःच्या रक्षणासाठीं घातलेलें कुंपण आहे. त्याची सावली घर घेणाऱ्यावर पडली तर उत्तम, परंतु ती त्याच्यासाठीं धरलेली छत्री नव्हे. म्हणून ज्यांचीं मुलें तिकडे घर घेणार असतील त्यांनीं तीन गोष्टी कळवाव्या. वकील नेमण्यापूर्वीं, ‘माझ्या धनकोच्या पॅनेलावर तुमचें नांव आज आहे काय?’ हा प्रश्न लेखी विचारावा. गेल्या वर्षीं होतें एवढ्यावर भागत नाहीं. घरांतून जी मदत द्यावयाची तिचे कागद आधींच जुळवून ठेवावे. आणि वकिलापासून कांहीं लपवूं नये. कारण लपविलेली गोष्ट बाहेर आली म्हणजे तो दोन धन्यांपैकीं एकास सोडून जातो, आणि मग दारांत आलेलें घर दारांतच राहतें.

लेस्टरच्या त्या लहान पेढीला हा प्रश्न पहिल्याच दिवशीं विचारला असता, तर तिनें खरें तेंच उत्तर दिलें असतें. ती प्रामाणिकच होती. विचारणाऱ्यानेंच विचारलें नाहीं.